अवसायकाने लावलेल्या दाव्यात प्रतिवादीला खर्चाची सिक्युरिटी मागता येते का?

प्रश्न – जिनिंगवाला, चोपडा

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना आहे. काही हंगामांपूर्वी बाहेरच्या जिल्ह्यातील एका खासगी सूतगिरणी कंपनीला आम्ही दलालामार्फत रुईच्या गाठी देत होतो. कंपनी आमच्या खात्यावर उचल टाकत असे, आम्ही गाड्या भरून पाठवत असू आणि हिशेब नंतर जुळवला जात असे. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, बँकेने तिला न्यायाधिकरणात नेले, कोणी घेणारा मिळाला नाही आणि अखेर तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडत कंपनी गुंडाळण्याचा, आदेश झाला. आता अवसायकाने, म्हणजे त्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीने, कंपनीच्या नावाने आमच्यावर जळगावला वाणिज्यिक दावा लावला आहे. दिलेल्या उचलीपैकी ४८ लाख रुपयांचा माल आलाच नाही, म्हणून ती रक्कम व्याजासह परत करावी, अशी मागणी आहे.

दाव्यासोबत कंपनीच्या खतावणीचा उतारा जोडला आहे. त्यात आमच्या नावे शेवटची उचल दिसते, परंतु त्यानंतर गेलेल्या गाड्यांच्या नोंदी नाहीत, कारण त्या सुमारास गिरणीच्या खरेदी खात्यातली माणसे पगाराअभावी निघून गेली होती आणि वह्या तिथेच थांबल्या. आमच्याकडे मात्र त्या प्रत्येक गाडीची बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि गिरणीच्या गेटवर शिक्का मारून परत दिलेली चलनाची प्रत आहे. त्यातील दोन प्रतींवरचा शिक्का पुसट झाला आहे, पण गेटवरच्या माणसाची सही आणि गाडी आत गेल्याची वेळ स्पष्ट वाचता येते. उलट काही गाठींचे पैसे कंपनीकडूनच आम्हाला येणे राहिले आहेत.

दावा लढायचा म्हटला तर खर्च मोठा आहे. वकिलांची फी आहे, दलाल वयस्कर आहेत आणि दोन गाड्यांचे चालक सेंधव्याकडचे असल्याने त्यांना तारखांना आणावे लागेल. आम्ही जिंकलो आणि न्यायालयाने खर्च द्यायला सांगितला, तरी तो देणार कोण? कंपनीच्या तिजोरीत काही उरलेले नाही, आणि अवसायक म्हणतात की ते केवळ कंपनीच्या वतीने उभे आहेत. आदेश २५ खाली वादीला आधीच खर्चाची सिक्युरिटी, म्हणजे खर्चापोटी ठेव किंवा हमी, भरायला लावता येते, असे आमच्या नात्यातील एकांनी सांगितले. हे खरे आहे का, आणि असल्यास कंपनी अवसायनात आहे एवढे दाखवणे पुरेसे होते का? तसेच अवसायकांकडून वैयक्तिकरीत्या खर्च मागता येतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – दिवाणी वकील, जळगाव

जिनिंगवाले भाऊसाहेब, आपल्या नातेवाइकांनी सांगितले ते खरे आहे, मात्र त्यात एक मोठा ‘परंतु’ आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २५, नियम १ प्रमाणे न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, कारणे नमूद करून, वादीला असा आदेश देऊ शकते की प्रतिवादीला झालेल्या आणि पुढे होऊ शकणाऱ्या खर्चासाठी त्याने ठरावीक मुदतीत सिक्युरिटी द्यावी. वादी भारताबाहेर राहत असेल आणि दाव्यातील मालमत्ता सोडून त्याची भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर असा आदेश देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. आपला वादी भारतातील कंपनी असल्याने आपले प्रकरण पहिल्या, म्हणजे न्यायालयाच्या विवेकाधिकाराच्या भागात मोडते. आदेश झाला आणि मुदतीत सिक्युरिटी आली नाही, तर नियम २ प्रमाणे दावा फेटाळला जातो. अर्थात तत्पूर्वी वादीला दावा काढून घेण्याची परवानगी मिळू शकते, आणि पुरेसे कारण दाखवल्यास फेटाळणीचा आदेश रद्दही करून घेता येतो.

आता तो ‘परंतु’ सांगतो. वादी गरीब आहे एवढ्यावर सिक्युरिटी मागता येत नाही, ही आपल्या न्यायालयांची जुनी आणि योग्य भूमिका आहे. आपल्याकडे तर आदेश ३३ खाली नादार माणसाला कोर्ट फी न भरताही दावा लावता येतो, आणि त्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली युनियन बँक ऑफ इंडिया विरुद्ध खादर इंटरनॅशनल या प्रकरणात सांगितले आहे. जो कायदा नादार कंपनीला फीविना आत येऊ देतो, तोच तिला केवळ नादारीमुळे बाहेर काढील, असे मानता येणार नाही.

तरीही मर्यादित जबाबदारीची कंपनी आणि हाडामांसाचा गरीब माणूस यांत फरक आहे, आणि आपल्या अर्जाचा सगळा भार या फरकावर पडायला हवा. माणूस हरला तर त्याच्या मिळकतीवर, उद्याच्या कमाईवर वसुली चालू शकते. कंपनी हरली तर तिच्यामागे उभे असलेले धनको आणि भागधारक नामानिराळे राहतात, मात्र जिंकली तर लाभ त्यांच्याच पदरात पडतो. हाच विचार करून कंपनी कायदा, १९५६ च्या कलम ६३२ मध्ये अशी तरतूद होती की वादी मर्यादित कंपनी असेल आणि प्रतिवादी जिंकल्यास ती त्याचा खर्च देऊ शकणार नाही असे मानण्यास कारण असेल, तर न्यायालय सिक्युरिटी मागू शकेल आणि ती मिळेपर्यंत कामकाज थांबवू शकेल. आज आपला अर्ज आदेश २५ वरच उभा करा, परंतु त्या जुन्या कलमामागचा विचार युक्तिवादात जरूर मांडा.

त्याच धाटणीच्या इंग्लंडमधील कलमावर तिथल्या अपील न्यायालयाने १९७३ साली पार्किन्सन विरुद्ध ट्रिप्लान या प्रकरणात निर्णय दिला आणि लॉर्ड डेनिंग यांनी काय काय पाहावे ते सांगितले. दावा प्रामाणिक आहे की बनावट, त्यात यशाची बरी शक्यता आहे का, प्रतिवादीने काही रक्कम कबूल केली आहे का, सिक्युरिटीचा अर्ज खऱ्या दाव्याचा गळा दाबण्यासाठी केला आहे का, कंपनीची ही अवस्था प्रतिवादीनेच पैसे अडकवून आणली आहे का, आणि अर्ज उशिरा आला आहे का, अशा त्या कसोट्या आहेत. आपल्या न्यायालयांवर हा निर्णय बंधनकारक नाही, पण विवेकाधिकार कसा वापरावा याचे हे चांगले मोजमाप आहे आणि मी स्वतः असा अर्ज याच क्रमाने लिहीन.

आपल्या बाजूला सर्वांत जड पारडे आहे ते चलनाच्या प्रतींचे. अवसायकाच्या खतावणीत नोंद नसणे आणि माल न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण खतावणी लिहिणारे हातच तेव्हा जागेवर नव्हते. बिल्टी, काट्याची पावती आणि गेटचा शिक्का यांची गाडीवार सांगड घालून एक तक्ता करा आणि अर्जासोबतच जोडा. गाठीचे प्रमाण वजन १७० किलो धरले जाते, तेव्हा गाठींची संख्या आणि काट्यावरचे निव्वळ वजन यांचा मेळ त्या तक्त्यात दिसू द्या. दावा वरवर पाहताही डळमळीत आहे असे न्यायाधीशांना वाटले, तरच त्यांची लेखणी सिक्युरिटीकडे वळेल.

एक सावधगिरी मात्र प्राणपणाने पाळा. वाणिज्यिक दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, देण्याची कमाल मुदत समन्स बजावल्यापासून १२० दिवस आहे आणि ती उलटली की कैफियत देण्याचा हक्कच जातो. सिक्युरिटीचा अर्ज दिला म्हणून हे घड्याळ आपोआप थांबत नाही. अर्जाच्या नादात कैफियत राहिली, तर खर्चाचा प्रश्न गौण ठरेल आणि ४८ लाखांचा हुकूमनामा दारात येईल.

आणखी दोन गोष्टी वादपत्रात आजच तपासा. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ३३(५) प्रमाणे अवसायनाचा आदेश झाल्यावर कंपनीच्या वतीने दावा लावण्यास अवसायकाला न्यायाधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. ती जोडली आहे का ते पाहा. तसेच तातडीचा दिलासा मागितला नसेल, तर वाणिज्यिक न्यायालये कायद्याच्या कलम १२अ खालील दावापूर्व मध्यस्थी सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठरवले आहे. यापैकी काही राहिले असेल तर आधी तो मुद्दा घ्या. सिक्युरिटीचा विचार त्यानंतर.

उत्तर – सनदी लेखापाल, धुळे (नादारी प्रक्रियांचे काम करतो)

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे. मी तिजोरीच्या बाजूने लिहितो.

नादारी संहितेच्या कलम ५३ मधील देणी फेडण्याच्या उतरंडीत नादारी प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च सर्वांत आधी आणि पूर्ण द्यायचा असतो. अवसायकाने स्वतः लावलेल्या दाव्यात न्यायालयाने कंपनीला खर्च भरायला सांगितले, तर तो अवसायनाचाच खर्च मानून पहिल्या पायरीवर घ्यावा, असा युक्तिवाद माझ्या मते सबळ आहे. इंग्लंडमध्येही अवसायकाने सुरू केलेल्या दाव्यातील खर्च असाच अग्रक्रमाने दिला जातो. परंतु भाऊसाहेब, रिकाम्या हंड्यापुढे रांगेत पहिला नंबर लागला म्हणून पाणी मिळत नाही. म्हणून अवसायकाकडे आज वाटपायोग्य किती शिल्लक आहे, हे कळणे आवश्यक आहे. अवसायकाला आपले प्रगती अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवावे लागतात. त्यातील आकडे मिळाले तर अर्जाला पुराव्याचा आधार येतो. नुसते ‘कंपनी बुडाली आहे’ असे लिहिणे फार कच्चे आहे.

दुसरी बाब आपल्या येण्याची. गाठींचे काही पैसे कंपनीकडून येणे आहेत, असे आपण लिहिले आहे. अवसायन प्रक्रियेच्या २०१६ च्या विनियमांतील विनियम २९ प्रमाणे परस्पर व्यवहारात दोन्हीकडील देणी-घेणी वळती करून निव्वळ रक्कम काढायची असते. जानेवारी २०२४ मध्ये भारती एअरटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समाधान प्रक्रियेच्या (अवसायनाआधी कंपनी वाचवण्याच्या प्रयत्नाच्या) काळात अशी वळती सर्वसाधारणपणे नाकारली, परंतु अवसायनात ती विनियम २९ नुसार करता येते हेही स्पष्ट केले. म्हणून आपले येणे केवळ कैफियतीत न सांगता अवसायकाकडे दावा-अर्ज दाखल केला होता का, ते पाहा. त्याची मुदत अवसायन सुरू झाल्यापासून ३० दिवसांची असते. ती उलटली असल्यास वकिलांच्या सल्ल्याने न्यायाधिकरणाकडे जावे लागेल. खर्चाच्या काही लाखांपेक्षा या वळतीत आपले अधिक हित आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरे म्हणजे या दाव्यामागे पैसा कोणाचा आहे हे विचारा. विनियम ३७अ खाली अवसायक सहजी वसूल न होणारी किंवा वादग्रस्त येणी दुसऱ्याला विकू शकतो. कित्येकदा धनको बँका दाव्याचा खर्च उचलतात, तर कधी बाहेरचा गुंतवणूकदार वसुलीतील वाट्याच्या बदल्यात पैसे घालतो. कंपनीकडे छदाम नसताना कोर्ट फी आणि वकिलाची फी भरली गेली असेल, तर ती कोणी भरली हा प्रश्न रास्त आहे.

उत्तर – माजी कामगार, धुळे तालुका

मी कायद्याचा माणूस नाही, परंतु अवसायनात गेलेल्या एका कंपनीत मी काम केले आहे आणि आमचे पगार अजून अडकलेले आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिणे मला आवश्यक वाटते. ही आपली कंपनी नव्हे, वेगळी आहे.

कलम ५३ मध्ये अवसायनाच्या आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली आहेत. भविष्य निर्वाह निधी आणि उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) निधीतील रकमा तर कंपनीच्या वाटपात येतच नाहीत. कागदावर हे सगळे चांगले आहे. प्रत्यक्षात यंत्रे भंगाराच्या भावाने जातात, जमीन बँकेकडे गहाण असते, आणि मागे उरतात ती व्यापाऱ्यांकडील येणी. आमच्या अवसायकाने तशी येणी वसूल करायला दावे लावले, तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे दाबून ठेवले होते त्यांनीच कंपनी भिकारी आहे असे सांगत आधी सिक्युरिटी भरण्याची मागणी केली. ती रक्कम आणायची कोठून? ज्यांच्यासाठी दावा लढायचा, त्यांच्याच ताटातले काढून ती भरावी लागली असती.

जिनिंगवाले भाऊ, आपले कागद पक्के आहेत आणि आपण प्रामाणिकपणे विचारले आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु न्यायालयाने असा आदेश सहजी दिला, तर प्रत्येक थकबाकीदार तोच मार्ग धरील, हेही वकीलसाहेबांनी लक्षात घ्यावे.

उत्तर – दिवाणी वकील, जळगाव

कामगार दादांचा मुद्दा या विषयाच्या गाभ्यातला आहे, आणि मी तो टाळू इच्छित नाही. प्रतिवादीने पैसे अडकवल्यामुळेच कंपनी कंगाल झाली असेल, तर सिक्युरिटी नाकारण्यास तेवढे कारण पुरेसे ठरू शकते. लॉर्ड डेनिंग यांच्या कसोट्यांत हे स्पष्ट आहे. म्हणून जिनिंगवाले भाऊंनी अर्जात आपण कोणाचे पैसे अडवले नाहीत, उलट आपलेच येणे आहे, हे आकड्यांसह सांगितले पाहिजे.

मात्र गळचेपीचा आक्षेप नुसता घेऊन चालत नाही, तो दाखवावा लागतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कीअरी विरुद्ध टारमॅक प्रकरणात म्हटले की कंपनीकडे पैसे आहेत का, एवढेच पाहून थांबता येत नाही. संचालक, भागधारक किंवा पाठीशी उभ्या असलेल्या इतर कोणाकडून ती पैसे उभारू शकते का, हेही पाहावे. अवसायनात हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण दावा जिंकल्यास सर्वांत मोठा वाटा ज्या बँकेला जाणार तिला खर्चाची जोखीम घ्यायला सांगणे अन्यायाचे नाही. जिथे खरोखर फक्त कामगारांची देणी उरली आहेत, तिथे न्यायालयाने हात आखडता घ्यावा, असे माझेही मत आहे.

लेखापाल साहेबांनी काढलेला निधीचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष उपयोगी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश २५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, वादीने दाव्याचा खर्च भागवण्यासाठी दाव्यातील हिस्सा तिऱ्हाइताला दिला असेल किंवा देण्याचे कबूल केले असेल, तर त्या तिऱ्हाइताला त्याच्या संमतीने वादी करता येते किंवा त्याच्याकडून खर्चाची सिक्युरिटी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ए. के. बालाजी प्रकरणात या राज्य-दुरुस्त्यांची दखल घेतली आहे. असा करार असल्यास तो उघड करावा, अशी विनंती अर्जातच करा.

काही ठिकाणी वादी विम्याची पॉलिसी पुढे करतो, म्हणजे दावा हरल्यास विमा कंपनी प्रतिवादीचा खर्च देईल असे सांगतो. इंग्लंडमध्ये २०१७ च्या प्रीमियर मोटरऑक्शन्स प्रकरणात वादी कंपन्यांच्या अवसायकांनी हेच केले होते. खालच्या न्यायालयाने ते मान्य केले, पण अपील न्यायालयाने सिक्युरिटीचा आदेश दिला, कारण माहिती दडवल्याचा आरोप करून विमा कंपनी ती पॉलिसी रद्द करू शकत होती आणि तसे होणार नाही याची हमी त्यात नव्हती. आपल्याकडे बँक हमी किंवा न्यायालयातील ठेव हीच सरळ वाट आहे.

जिनिंगवाला, चोपडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वादपत्र पुन्हा वाचले. न्यायाधिकरणाची परवानगी जोडलेली आहे आणि मध्यस्थी निष्फळ ठरल्याचा अहवालही आहे, तेव्हा ते दोन्ही मुद्दे राहिले नाहीत. येणे रकमेचा दावा-अर्ज आम्ही मुदतीत दिला होता. त्याची पोच फाइलमध्ये सापडली. कामगार दादा, आपल्या लिहिण्यातील कळकळ पोहोचली. आम्ही सिक्युरिटी दावा बंद पाडण्यासाठी मागत नाही, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहायला वकिलांना सांगतो. दोन प्रश्न उरले: अवसायकांची वैयक्तिक जबाबदारी, आणि रक्कम किती मागावी.

उत्तर – दिवाणी वकील, जळगाव

अवसायक कंपनीच्या नावाने दावा लावतो तेव्हा तो स्वतः पक्षकार नसतो. इंग्लंडमध्ये मेटॅलॉय प्रकरणात अपील न्यायालयाने म्हटले की अशा अवसायकावर वैयक्तिक खर्चाचा आदेश अपवादानेच द्यावा, कारण प्रतिवादीच्या संरक्षणासाठी सिक्युरिटीचा मार्ग आधीच उपलब्ध आहे. आपल्या नादारी संहितेच्या कलम २३३ मध्येही अवसायकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. वैयक्तिक मागणी करून अर्जाला भांडणाचा सूर आणू नका. याच कारणासाठी सिक्युरिटीचा अर्ज आता करायला हवा, निकालानंतर नव्हे.

रकमेबाबत सांगायचे तर दाव्याच्या ४८ लाखांशी तिचा संबंध नाही, संबंध आहे तो आपल्या वाजवी खर्चाशी. साध्या दिवाणी दाव्यात खर्च बहुधा नाममात्र मिळतो, पण वाणिज्यिक दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ बदलले आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा तिथे सर्वसाधारण नियम आहे आणि त्यात वकिलांची फी व साक्षीदारांचा खर्च धरला जातो. तेव्हा टप्प्यांप्रमाणे मागणी करा: आधी कैफियत व कागदपत्रांच्या तपासणीपर्यंतचा खर्च, आणि पुरावा सुरू होण्याआधी दलाल व चालकांना आणण्याचा. एकदम मोठा आकडा पाहून न्यायालयाला गळचेपीची शंका येते. टप्प्याटप्प्याच्या मागणीत दादांच्या आक्षेपालाही उत्तर आहे. प्रत्येक बाबीचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्या, वकिलांच्या फीची पावती निशाणी लावून जोडा, आणि दलालांचे वय पाहता त्यांची साक्ष न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरमार्फत लवकर नोंदवण्याचा अर्जही त्याच तारखेला द्या.